कान शाबूत, ऐकणे निराळे



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला आणि ‘स्वमग्न मुलांचा मेंदू आवाज कसा ऐकतो’ असे मी सांगितले, तेव्हा ते थोडे गोंधळले. मी किमान वेतनावर बोलेन, निदान ऊसतोड कामगारांच्या हालांवर बोलेन, अशी त्यांची अपेक्षा होती. त्या विषयांवर मी आयुष्यभर बोलत आलो आहे आणि तुम्हीही ते पुष्कळ ऐकले आहे. मी डॉक्टर नाही. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि संघटनेच्या कचेरीत रात्री उशिरापर्यंत जागून झाले. तेव्हा आज मी जे सांगणार आहे ते एका वाचकाने इतर वाचकांना सांगितलेले आहे, एवढे ध्यानात असू द्यावे.

या विषयाकडे मी वळलो तो एका चुकीमुळे, आणि ती चूक माझी स्वतःची होती. आठएक वर्षांपूर्वी संघटनेतल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या घरी मी जेवायला गेलो होतो. त्याचा नातू चार वर्षांचा. पोर गोजिरवाणे, पंख्याखाली उताणे पडून फिरत्या पात्यांकडे टक लावून पाहत होते. आईने त्याला हाक मारली. एकदा, दोनदा, सहा वेळा. त्याने मान वळवली नाही. तेवढ्यात मागच्या खोलीत कुणी बिस्किटाचा पुडा फोडला, आणि त्या कागदाच्या चुरचुरीवर पोर उठून धावत गेले. मग स्वयंपाकघरात चटणीसाठी मिक्सर लागला. त्याबरोबर त्या मुलाने दोन्ही कानांवर तळहात दाबून अशी किंकाळी फोडली की जेवणारी माणसे ताटावरून उठली. आजी म्हणाली, “सोंगं आहेत सगळी. बिस्किटाचं बरं ऐकू येतं!” आणि मी, चारचौघांत शहाणा समजला जाणारा माणूस, म्हणालो, “लाड कमी करा. एक धपाटा दिलात की येईल ताळ्यावर.” मुलाच्या आईने माझ्याकडे पाहिले. “काका, तेही करून झालंय,” एवढेच ती म्हणाली आणि मुलाला उचलून अंगणात गेली.

पुढे काही महिन्यांनी पुण्याच्या डॉक्टरांनी मुलाला स्वमग्नता आहे असे सांगितले. माझ्या मनातून मात्र तो प्रसंग जाईना. हाकेला ओ न देणे, कागदाच्या चुरचुरीला धावणे आणि मिक्सरला किंचाळणे, या तीन गोष्टी एकाच मुलाकडून, एकाच कानांनी, पाच मिनिटांत कशा घडतात? आजीने काढलेले अनुमान चुकले होते, पण तिला पडलेला प्रश्न अगदी बरोबर होता.

हाच प्रश्न फार मोठ्या माणसांनाही पडला होता. ‘ऑटिझम’ हा शब्द स्वित्झर्लंडच्या ब्लॉयलर या मनोवैद्याने १९११ च्या सुमारास प्रचारात आणला. ‘स्व’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो बनला आहे. परंतु आज आपण ज्याला स्वमग्नता म्हणतो तिचे पहिले नामांकित वर्णन १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे लिओ कॅनर या डॉक्टरांनी केले. त्यांच्यापुढे ११ मुले होती, आठ मुलगे आणि तीन मुली. त्यांतल्या काहींना सुरुवातीला बहिरे समजण्यात आले होते, कारण ती हाकेला उत्तर देत नसत. आणि हीच ‘बहिरी’ मुले झाडलोट करणाऱ्या विजेच्या यंत्राच्या आवाजाने भेदरून जात. कॅनर यांनी आणखी एक बारीक गोष्ट टिपून ठेवली आहे. ज्या मुलाला परका मोठा आवाज सहन होत नाही, तेच मूल स्वतः तेवढाच मोठा आवाज खुशाल करते, आणि त्यात रमते. म्हणजे नुसत्या मोठेपणाचे ते भय नव्हे. ही ओळ मी वाचली तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. तिच्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

आता थोडे कानाबद्दल. आवाजाच्या बाबतीत मला जे थोडेफार ज्ञान होते ते कारखान्यामुळे. नगरच्या औद्योगिक वसाहतीत पॉवर प्रेसवर पंधरा-वीस वर्षे काढलेली माणसे मी जवळून पाहिली आहेत. त्यांच्याशी बोलताना आपला आवाज आपोआप चढतो. कानाच्या पडद्यावर आवाजाची लाट आदळते, पडद्यामागची तीन इवलीशी हाडे ती पुढे ढकलतात, आणि ती पोचते गोगलगायीच्या शंखासारख्या अडीच वेढ्यांच्या एका नळीत. ह्या नळीत सुमारे पंधरा हजार रोमपेशी असतात, म्हणजे डोक्यावर केसासारखे बारीक तंतू असलेल्या पेशी. नळीच्या तोंडाशी असलेल्या पेशी चिरक्या आवाजाला डोलतात, आतल्या टोकाच्या पेशी ढोलासारख्या खर्जाला. त्यांचे डोलणे विजेच्या सूक्ष्म ठोक्यांत बदलते आणि सुमारे तीस हजार तंतूंच्या एका जुडीतून मेंदूकडे जाते. प्रेसवरच्या कामगाराच्या ह्या रोमपेशी मरतात, आणि एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. तेथे कान बिघडलेला असतो आणि मेंदू ठणठणीत असतो. स्वमग्न मुलाचे बहुधा नेमके उलट आहे. त्याचा कान शाबूत असतो. फरक पडतो तो कानाच्या पुढच्या वाटेवर.

आपली समजूत अशी असते की आवाज कानात शिरला की ऐकणे झाले. वस्तुतः कान म्हणजे नुसते फाटक आहे. आत आलेल्या मालाची नोंद, वर्गवारी, हा माल कुणाकडे धाडायचा, कुठला फाटकाबाहेरच ठेवायचा, हे सगळे काम मेंदूच्या देठापासून ते वरच्या सालीपर्यंत चार-पाच ठाण्यांवर चालते. आणि ते किती जलद चालते, म्हणाल तर, उजव्या बाजूने आलेला आवाज डाव्या कानाला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळाने उशिरा पोचतो. तेवढ्या फरकावरून मेंदू ‘आवाज उजवीकडून आला’ हे ठरवतो. आपल्या ‘क’ आणि ‘ख’ मध्ये, म्हणजे ‘कार’ आणि ‘खार’ मध्ये, ओठाबाहेर पडणाऱ्या श्वासाच्या काही शतांश सेकंदांचा काय तो फरक आहे. ह्या हिशेबात जराशी गफलत झाली तर भाषेचा हिशेब किती बिघडेल, याची कल्पना हजेरीपत्रक ठेवणाऱ्या कुणालाही येईल.

ह्या वाटेवरचा वेळ मोजता येतो. त्या तपासणीला दवाखान्यात ‘बेरा’ म्हणतात. मूल झोपलेले असताना डोक्याला व कानामागे तारा चिकटवतात, कानात टिक्-टिक् असा आवाज सोडतात, आणि मेंदूच्या देठातून ठोका कुठल्या ठाण्यावर किती वेळाने पोचला ते यंत्र लिहून काढते. पहिले दहा सहस्रांश सेकंद, एवढ्यातच सगळा खेळ. मुलाने काही सांगण्याची गरज नाही, म्हणून तान्ह्या मुलांचे ऐकणेही त्याने तपासता येते. २०२१ साली अमेरिकेतल्या सुमारे १,३९,००० नवजात अर्भकांच्या अशा नोंदी अभ्यासण्यात आल्या. त्यांपैकी ३२१ मुलांना पुढे स्वमग्नता असल्याचे ठरले, आणि मागे वळून पाहिले तर त्या मुलांचा ठोका जन्मल्याजन्मल्याच, सरासरीने, किंचित उशिरा पोचत होता. उशीर इतका थोडा की त्यावरून एखाद्या मुलाचे निदान करता येत नाही. पण आईने हाक मारण्यापूर्वी, लाड करण्यापूर्वी, धपाटा घालण्यापूर्वी तो होता, हे तर खरे!

हे मी मुद्दाम जोर देऊन सांगतो, कारण ह्या विषयाच्या इतिहासात आयांवर एक मोठा अन्याय झालेला आहे. मूल स्वतःत मिटले कारण आईची माया थंड होती, असे मत काही दशके प्रतिष्ठित लोकांनी मांडले. कॅनर यांनी १९४३ साली हा दोष जन्मजात म्हटला होता, पण त्यांच्याही लेखणीतून पालकांच्या थंडपणाचे उल्लेख उतरले. १९६७ साली ब्रुनो बेटेलहाइम यांच्या गाजलेल्या पुस्तकाने त्या मताला फार बळ दिले. त्याच्या तीन वर्षे आधी, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलँड या स्वमग्न मुलाच्या वडिलांनी ग्रंथ लिहून हे मेंदूचे काम आहे असे दाखवले होते. तरी कलंक पुसायला वर्षे लागली. १९६९ साली पालकांच्याच एका सभेत कॅनर यांनी त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केले. मालकाच्या यंत्रात बिघाड आणि दंड कामगाराला, हा प्रकार आम्ही जन्मभर पाहिला. पण स्वतःच्या लेकराच्या बाबतीत असा दंड भरणाऱ्या आयांची कुठे संघटनाही नव्हती. आणि आपल्याकडे तो दंड अजून वसूल होतो आहे. “मोबाइल दिलास म्हणून”, “नोकरीला जातेस म्हणून”. त्या दिवशी मीही माझी पावती फाडलीच होती.

देठाच्या वर, मेंदूच्या सालीत, कानशिलामागे श्रवणाचे केंद्र आहे. कानावर सूर पडल्यापासून साधारण एक दशांश सेकंदाने तेथे प्रतिसाद उमटतो. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या मुलांच्या इस्पितळात टिमोथी रॉबर्ट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूभोवतीचे अतिसूक्ष्म चुंबकत्व मोजून २०१० साली असे प्रसिद्ध केले की स्वमग्न मुलांमध्ये हा प्रतिसाद सरासरी ११ सहस्रांश सेकंद उशिरा येतो. अकरा सहस्रांश म्हणजे काय, तर पापणी लवण्याच्याही कितीतरी आत. परंतु बोलणे हे एकेका अक्षराने येत नाही, ते धारेने येते. पहिल्या अक्षराची नोंद होते तोच दुसरे दारात उभे. आपण एखाद्या परक्या भाषेतले भराभर बोलणे ऐकतो तेव्हा शब्द कळत असूनही वाक्य निसटते, तसा काहीसा प्रकार ह्या मुलांचा होत असावा, असे संशोधकांना वाटते.

मात्र नुसत्या उशिराने मिक्सरची किंकाळी समजत नाही. तिच्यासाठी दुसरे काम पाहिले पाहिजे, आणि ते मला फाटकावरच्या वॉचमनचे काम वाटते.

कारखान्याच्या फाटकावर नवा वॉचमन आला की पहिले दोन दिवस तो प्रत्येकाचा पास पाहतो. मग तोंडे ओळखीची होतात आणि पाचशे माणसे दहा मिनिटांत आत जातात. अडवला जातो तो फक्त परका. आपला मेंदू आवाजाशी हेच करतो. आत्ता ह्या मांडवात पंखा घरघरतो आहे, पलीकडे नगर–सोलापूर रस्त्यावरून ट्रक जात आहेत, मागे कुणी पोर रडते आहे. मी सांगेपर्यंत तुम्हाला ते ऐकू येत नव्हते, कारण तुमच्या वॉचमनने त्यांना मुकाट्याने सोडून दिले होते. आता असा वॉचमन कल्पा की त्याला तोंडे ओळखीची होतच नाहीत. रोज प्रत्येकाचा पास, प्रत्येकाची झडती. फाटकावर काय गर्दी उसळेल! कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शूलामाइट ग्रीन यांनी २०१५ साली असाच प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना रहदारीचा गोंगाट ऐकवायचा, त्याच वेळी हाताला खरखरीत लोकर घासायची, आणि मेंदूची चित्रे घ्यायची. इतर मुलांचा मेंदू थोड्या वेळाने त्या त्रासाला सरावला. स्वमग्न मुलांपैकी ज्यांना असे त्रास फार जाणवतात, त्यांचा मेंदू सरावला नाही. आणि त्यांच्या मेंदूत भयाची घंटा वाजवणारी जी बदामाएवढी गाठ असते ती जास्त पेटली. म्हणजे मिक्सरचा आवाज त्या मुलाला ‘मोठा’ वाटत नव्हता, तो धोका वाटत होता. वाघ दिसल्यावर किंचाळणाऱ्याला आपण सोंग म्हणत नाही.

असे का होते, याबद्दल एक तर्क असा आहे की मेंदूत जशा पेशींना चेतवणाऱ्या क्रिया असतात तशा शमवणाऱ्याही असतात, आणि स्वमग्न मेंदूत ब्रेक काहीसा ढिला असतो. रूबेनस्टाइन व मर्झेनिक यांनी २००३ साली तो मांडला. दुसरा तर्क आपल्याच देशातून गेलेल्या पवन सिन्हा यांचा. ते अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेत प्राध्यापक आहेत. २०१४ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी लिहिले की स्वमग्न मेंदूला पुढच्या क्षणी काय होणार याचा अंदाज बांधणे अवघड जाते. अंदाज बांधता आला की सराव होतो. अंदाजच नसेल तर शंभरावा भोंगा हा पहिल्या भोंग्याइतकाच अवचित. हे दोन्ही अजून तर्कच आहेत. पण कॅनर यांच्या त्या ओळीशी दुसरा तर्क कसा चपखल बसतो पाहा. स्वतः केलेला आवाज केव्हा येणार हे मुलाला आधीच माहीत असते!

आता बिस्किटाचा पुडा आणि आईची हाक. येथे मला सर्वांत जड गेले, आणि तुम्हालाही जाईल. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पॅट्रिशिया कूल यांनी २००५ साली लहान मुलांना निवड दिली. एका बाजूला बाळाशी बोलताना आपण जो लडिवाळ सूर काढतो तो, दुसऱ्या बाजूला त्याच चढउतारांचा पण यंत्राने बनवलेला, शब्द नसलेला ध्वनी. इतर मुले आईसारख्या बोलण्याकडे वळली. स्वमग्न मुले बहुतांशी यंत्राच्या ध्वनीकडे. पुढे २०१३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डॅनिएल एब्रम्स आणि विनोद मेनन यांनी दाखवले की मेंदूत माणसाचा आवाज ओळखणारा जो भाग आहे, त्याची सुखसमाधानाच्या केंद्रांशी असलेली जोडणी स्वमग्न मुलांत कमकुवत आहे. आपल्याला माणसाच्या आवाजाची जन्मतः गोडी असते, म्हणून तो शंभर आवाजांतून आपल्याला ओढून घेतो. ती ओढ मेंदूच्या तारांतच कमी असेल तर हाक ही पंख्याच्या घरघरीसारखाच एक आवाज होऊन जाते. कागदाची चुरचुर मात्र कधी बदलत नाही, आणि तिच्यामागे हमखास बिस्किट येते. हाक आज लाडाची, उद्या रागाची, कधी जेवायला, कधी आंघोळीला. पण यावरून ‘त्याला आईची माया नाही’ असे म्हणाल तर ती मोठी चूक होईल. त्या दिवशी किंचाळणारे पोर आईच्याच खांद्यावर शांत झाले, हे मी पाहिले आहे.

गर्दीतले बोलणे ह्या मुलांना विशेष जड जाते. बाजाराच्या दिवशी ओळखीच्या माणसाशी बोलताना आपण गोंगाटातल्या फटी पकडतो. क्षणभर आवाज खाली गेला की तेवढ्यात दोन अक्षरे टिपायची आणि बाकीचे मनाने भरून काढायचे. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या अल्कान्तारा यांनी २००४ साली मोजून दाखवले की स्वमग्न माणसांना ह्या फटींचा उपयोग आपल्याइतका करता येत नाही. पत्र्याचे छप्पर, वर पाऊस, शेजारच्या वर्गात पाढे, अशा शाळेत गुरुजींचे वाक्य त्या मुलापर्यंत काय पोचत असेल?

तथापि हे सगळे उणेच आहे असे समजू नका. लंडनमध्ये ॲना रेमिंग्टन व जेक फेअरनी यांनी २०१७ साली एक गमतीचा प्रयोग केला. चार माणसांच्या बोलण्यातल्या दोघींच्या संवादाकडे लक्ष द्यायला सांगून मधूनच एक माणूस ‘मी गोरिला आहे’ असे पुटपुटत जातो. इतरांपैकी फारच थोड्यांच्या ते ध्यानात आले. स्वमग्न मंडळींपैकी जवळपास निम्म्यांनी ते टिपले. त्यांची झोळी मोठी आहे, पण तिला गाळणी नाही, असे म्हणू या. सुरांच्या उंचीची अचूक स्मृतीही ह्या मुलांत पुष्कळदा आढळते. माझ्या सहकाऱ्याचा नातू यष्टी स्थानकात शिरण्यापूर्वी नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून ती कुठल्या डेपोची हे सांगतो, आणि त्याचा आजोबा त्यावर चहाच्या पैजा जिंकतो.

सगळी मुले सारखी नसतात, हेही सांगितले पाहिजे. २०२१ साली अनेक अभ्यासांची बेरीज करून काढलेला अंदाज असा की स्वमग्न लोकांपैकी शंभरात सुमारे ४१ जणांना आवाजाची ही असह्यता चालू असते, आणि जन्मात केव्हा तरी ती भोगलेले सुमारे ६० असतात. म्हणजे पुष्कळांना ती नसतेही. अमेरिकन मनोवैद्यांच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत संवेदनांची ही अति किंवा अल्प जाणीव लक्षणांमध्ये अधिकृतपणे दाखल झाली. आणि हे दूरदेशीचे दुखणे आहे असे म्हणायची सोय नाही. भारतात पाच ठिकाणी, त्यात आपल्या शेजारचा उत्तर गोवाही आला, दोन ते नऊ वर्षांच्या ३,९६४ मुलांची पाहणी करून २०१८ साली जे प्रसिद्ध झाले त्यात स्वमग्नतेचे प्रमाण शंभरात सुमारे एक असे निघाले. आपल्या गावच्या शाळेचा पट आठवा.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, कानाची तपासणी. स्वमग्न मुलाला बहिरेपणही असू शकते, म्हणून ‘बेरा’ करून घ्यावी; कानात गरम तेल ओतून मोकळे होऊ नये. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची वाचा व श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे. मुंबईतच डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ साली ‘उम्मीद’ हे बालविकास केंद्र सुरू केले. पण प्रत्येकाला मुंबई गाठायला नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशात प्रथम सुरू झाला तो २०१३ साली आपल्या महाराष्ट्रात, पालघरला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येणे अपेक्षित आहे. पथक आले की नुसती वजने मोजून त्यांना परत जाऊ देऊ नका. ‘हे मूल हाकेला पाहत नाही’ असे स्पष्ट सांगा. २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्यात ज्या २१ प्रकारांना मान्यता आहे त्यांत स्वमग्नता आहे. दाखला हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

दुसरे, फसू नका. विशिष्ट गाळलेले संगीत दहा दिवस कानाला लावून स्वमग्नता जाते, अशी एक पद्धत जगभर विकली गेली. सर्व प्रयोगांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेला २०११ साली तिच्या बाजूने पुरेसा पुरावा आढळला नाही. लसीमुळे स्वमग्नता होते, ही १९९८ ची कंडी ज्या मासिकाने छापली त्यानेच तो लेख २०१० साली मागे घेतला. त्यावर अधिक शब्द खर्च करीत नाही.

घरात करायच्या गोष्टी साध्या आहेत. वाक्य आखूड बोलावे आणि मग थांबावे, मनात दहा मोजावे. आपण उत्तर आले नाही की लगेच दुसरा प्रश्न टाकतो, आणि पहिल्याची नोंद होण्याआधी फाटकावर दुसरी गर्दी करतो. आवाज येणार असेल तर आधी सांगावे, दाखवावे. कानावर बसणारी आवाजरोधक टोपणे वरातीत, बाजारात लावावी. मात्र दिवसभर नको, कारण सतत शांतता मिळाली की साधा आवाजही टोचू लागतो. कारखान्यात तशी टोपणे मिळावी म्हणून आम्ही भांडलो आहोत. तेथे निदान कायदा तरी आहे. आवाजामुळे येणारे बहिरेपण १९४८ च्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टात कळवण्याजोगा रोग म्हणून नोंदलेले होते, आणि आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा आहे. दहा डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दहापट होते, हे लक्षात घ्या.

गावालाही कायदा आहे. २००० सालच्या ध्वनिनियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. शाळा-दवाखान्याभोवती १०० मीटर शांतता. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर कर्णा बंद. सणांसाठी वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत बारापर्यंतची सवलत सरकार देऊ शकते, हेही खरे. पण डीजेच्या भिंतीपुढे ५५ चा आकडा सांगायला जाणारा माणूस गावात वेडा ठरतो. मला वरात नको आहे असे नाही. माझे म्हणणे इतकेच की ज्या गल्लीत असे मूल आहे त्या घरी मंडळाच्या एका पोऱ्याने आदल्या दिवशी जाऊन सांगावे, “वहिनी, उद्या सातला मिरवणूक येईल, पाच मिनिटं थांबेल.” आणि त्या घरापुढे भिंत थोडी मुकी ठेवावी.

माझ्या सहकाऱ्याच्या सुनेने ह्यातले काहीच वाचले नव्हते. तिने मिक्सरचे तिच्या पद्धतीने केले. आधी रिकामा मिक्सर मुलासमोर ठेवला. मग बटण त्याच्या हाती दिले. दाबायचे त्याने, बंद करायचे त्याने. पहिल्या दिवशी अर्धा क्षण. महिन्याभराने त्याने त्यात शेंगदाणे कुटले. कॅनर यांनी ऐंशी वर्षांपूर्वी टिपलेली ओळ त्या बाईला स्वयंपाकघरात सापडली होती.

मागच्या महिन्यात त्यांच्याकडे पुन्हा गेलो. मुलगा आता बारा वर्षांचा आहे. चटणी करायची वेळ झाली तेव्हा तो स्वतःहून आत गेला, “एक, दोन, तीन” असे मोठ्याने म्हणाला आणि बटण दाबले. मला इतका आनंद झाला की फाटकावरच्या सभेत बोलतो त्या आवाजात मी “शाबास!” म्हणून गेलो. त्याने कानांवर हात ठेवले, माझ्याकडे न पाहता थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, “आजोबा, हळू.”